उन्हाळी कोणाकोणाला लागते?

जूनमध्ये शाळा सुरू होताना आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर कामांच्या वाटपाचा कागद लागतो. परिपाठ कोणाकडे, सहल कोणाकडे, स्नेहसंमेलन कोणाकडे. त्या वर्षी कागदावर एक नवीन ओळ होती: आरोग्य व स्वच्छता. ती ओळ माझी होती. मी विज्ञान शिकवते. मुलींना पाळीबद्दल जे काही सांगायचं असतं ते सगळ्या शाळेत मीच सांगते. कोणाला चक्कर आली की शिपाई माझ्याच वर्गाच्या दारात येऊन उभा राहतो. त्या ओळीसमोर नाव मात्र आमच्या इंग्रजीच्या बाईंचं होतं. माझ्या नावासमोर लिहिलं होतं: हरवले-सापडले.

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"त्यांच्याकडे प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"दोन दिवसांच्या शिबिराचं."

"तुमच्याकडे एका दिवसाच्या शिबिराचं आहे का?"

मी बाहेर आले ती पाय आपटतच. इंग्रजीच्या बाई पार्ल्याच्या. वडील प्राध्यापक, घरात भिंतभर पुस्तकं, बोलणं मऊ. त्यांनी माझं कधी वाईट केलेलं नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरला स्टेशनबाहेर भाजीची पाटी लावली. दहावीपर्यंत मी रोज संध्याकाळी त्या पाटीवर बसले. बी.एस्सी. शिकवण्या घेत घेत केलं, बी.एड. नोकरी करत. मला कोणी काही आपणहून दिलेलं नाही. जे मिळालं ते मी मागून, भांडून, घासाघीस करून घेतलं. पाटीवर मी एक गोष्ट चांगली शिकले होते. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागलं की त्याला हाक कधी मारायची आणि कधी जाऊ द्यायचं.

सर्टिफिकेट हवं होतं ना, मग मी चांगलं वर्षभराचं घ्यायचं ठरवलं. एका विद्यापीठाचा सामुदायिक आणि सार्वजनिक आरोग्याचा ऑनलाइन पदविका अभ्यासक्रम शोधून काढला. प्रवेश देणारी मुलगी फोनवर म्हणाली की पहिला जीवशास्त्राचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे. मी म्हटलं, मी तो विषय शिकवते, मला कोण तपासणार. तिने वरच्यांना विचारलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. आठवडाभर मी रोज फोन करत राहिले. शेवटी त्यांनी तो पेपर सोडला, बहुधा माझ्या फोनला कंटाळून.

वर्ग रविवारी सकाळी असायचे. बोरीवलीच्या आमच्या घरात शांत कोपरा असा नाहीच. ओट्यावर तांदळाच्या डब्याला फोन टेकवून मी ऐकायचे. एका जागी बसणं मला जमत नाही. कानात इअरफोन घालून मी ओटा ते खिडकी अशा फेऱ्या मारायचे. एकदा माझा माइक चालू राहिला आणि कुकरच्या शिट्ट्या सगळ्या वर्गाने ऐकल्या. शिकवणारे सर डॉक्टर होते. आयुष्यभर विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमची डाळ शिजली असंल, गॅस बंद करा."

अभ्यासाने माणूस शांत होतो म्हणतात. माझं उलट झालं. साथ कशी पसरते, आजार आधी कुठे दिसतो, माणसं डॉक्टरकडे का जात नाहीत, हे वाचायला लागले तशी मी रस्त्याने सरळ चालेनाशी झाले. उसाच्या रसवाल्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारायला थांबायचे आणि भांडण करून पुढे जायचे. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही यावरून सेक्रेटरीशी वाजलं. डोक्यात सतत काहीतरी ठसठसत असायचं, आणि त्याखाली जूनचा तो कागद होताच.

दुसऱ्या सत्रात सरांनी विचारलं, "तुमचा समुदाय कोणता, ते एकेक जण सांगा." कोणी वस्ती सांगितली, कोणी पाडा, कोणी आपलं गाव. माझी पाळी आली.

"नववी ब," मी म्हटलं.

"वर्ग म्हणजे समुदाय नाही हो मॅडम."

"का नाही? एकत्र खातात, एकाच नळाचं पाणी पितात, एकाला ताप आला की आठवड्यात सगळ्या बाकाला येतो. तुमच्या पुस्तकात व्याख्या हीच आहे."

सर हसले. "बरं. पण मंग एक अट. आधी सर्वेक्षण करा, अन् त्यातून निघालेल्या एका तरी गोष्टीत बदल करून दाखवा. डोळ्यांनी दिसला पाहिजे बदल. नुसता अहवाल मी घेत नसतो."

सौदा मला बरा वाटला. मी प्रश्नावली बसवली. हात कधी धुता, नाश्ता करता का, दिवसाला पाणी किती पिता, शाळेतलं स्वच्छतागृह वापरता का, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास होतो का. नववी बच्या मुलींना तासाला कागद वाटले, शांतपणे लिहा म्हणून सांगितलं आणि गठ्ठा घरी आणला. उत्तरं बघून मी खूश झाले. मुली दिवसाला आठ ते दहा पेले पाणी पीत होत्या. साबणाने, नखांतली घाण काढून हात धूत होत्या. संसर्गाचा त्रास कोणालाही नव्हता. एकीने तर संसर्ग म्हणजे काय त्याची व्याख्याही लिहिली होती. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद स्कॅन करून मी रविवारच्या आधी सरांना पाठवून दिले.

रविवारी सरांनी त्यातला एक कागद सगळ्यांच्या पडद्यावर लावला.

"मॅडम, हे दहापैकी साडेनऊ कशाचे?"

मी फोनजवळ गेले. कागदावर माझ्या लाल पेनाच्या बरोबरच्या खुणा होत्या, खाली गुण, खाली माझी सही. गठ्ठा समोर आला, हातात पेन होतं, मी तपासून टाकला होता. इतक्या वर्षांत पोरांच्या हातचा कागद मी दुसऱ्या कशासाठी हातात घेतलेलाच नव्हता.

"तिने व्याख्यापण लिहिली," मी म्हटलं.

चाळीसेक खिडक्यांमधून कुठेतरी हसू फुटलं.

सरांनी दुसरा कागद लावला. "अन् हिले सहाच काहून?"

"तिने दोन प्रश्न कोरे सोडले."

"कोणते?"

"स्वच्छतागृहाचा. आणि संसर्गाचा."

"मॅडम, तुम्ही जे शिकवलं ते तुम्हाले पोरींनी परत केलं. त्यांनी पेपर सोडवला. एवढ्या गठ्ठ्यात खरं वागली ती हीच एक पोरगी, अन् तिचेच तुम्ही मार्क कापले."

मी कॅमेरा बंद केला. ते बरोबर बोलत होते आणि चारचौघांत बोलत होते. या दोन गोष्टी एकदम माझ्या पचनी पडत नाहीत. त्या दिवशी घरात मी कोणाशी धड बोलले नाही. सहा गुणांची मुलगी कोण हे मला न बघता माहीत होतं. खारदांड्याची, कोळ्यांची मुलगी, मागच्या बाकावर बसणारी, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. तिची आई आमच्या शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसते. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडूनच मासे घेते. आमचं दर आठवड्याला भांडण होतं आणि दर आठवड्याला मी परत तिच्याकडेच जाते.

त्या बुधवारी मी पिशवी उघडायच्या आत तिने सुरुवात केली.

"काय गो बाई, माझे पोरीला दहात सहा?"

"ती परीक्षा नव्हती."

"मंग मार्क कशाला दिलंस?"

मी बोंबलांकडे बघितलं. "वाटा कसा दिला?"

"आधी सांग. पोर घरा येऊन रडली."

"त्या मार्कांचं काही नाही गं, ते कुठे धरणार नाहीत. पण तिने उत्तरच लिहिलं नाही."

"काय लिवनार? घरा येते ती चपला काढाला थांबत नाय, तशीच मोरीत पलते. तुमचे शालेन काय कुलूप घातलंय काय? या साली दोनदा उन्हाली लागली तिला. मी सब्जा भिजवून देते, धन्याचा पानी देते. बसते रडत."

कोळणीच्या तोंडात ळ चा ल होतो. तिचा शब्द उन्हाली, माझ्या आईचा उन्हाळी. आई मालवणकडची. लघवीला आग व्हायला लागली की आमच्याकडे म्हणायचे, उन्हाळी लागली. त्याला ऊन लागत नाही, उन्हाळाही लागत नाही, भर थंडीतही ती लागते. मी हा शब्द ऐकत मोठी झाले, मला स्वतःला लागली तेव्हा आईने धण्याचं पाणी पाजलं. आणि कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा मी मूत्रमार्गाचा संसर्ग लिहिलं होतं. छापायचं म्हटलं की मला असेच शब्द सुचतात. त्या शब्दांचा आजार पुस्तकातल्या माणसांना होतो, दांड्याच्या मुलींना नाही. त्यांनी खरंच लिहिलं होतं की तो आम्हाला होत नाही.

"घेतेस का नाय?" ती म्हणाली. "माशा बसतान."

वाट्यावर दोन बोंबील जास्त घातल्याशिवाय मी पैसे काढले नाहीत. तिने घातले, पण एक शिवी पुटपुटलीच.

दुसऱ्या दिवशी पीटीच्या सरांना सांगून नववी बचे मुलगे मैदानावर पाठवले. दार लावलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दार लावून घेतलं की आमच्याकडे एकतर मार मिळतो किंवा पाळीची माहिती.

"कागद काढायचे का बाई?"

"नाही. नुसतं सांगायचं. उन्हाळी कोणाकोणाला लागते?"

मग पुढच्या बाकावरची म्हणाली, "बाई, आता तर थंडी आहे," आणि सगळा वर्ग खिदळला. मी थांबले. एरवी मी थांबत नाही.

"याचे मार्क आहेत का?" मधूनच कोणीतरी विचारलं.

"नाहीत."

"नक्की ना बाई?"

"नक्की."

मागच्या बाकावरून हात वर आला. दांड्याच्या मुलीचा. तिने हात असा वर केला होता जणू मी तिला पैजेवर बोलावलं होतं. मग तिच्या बाजूचीचा, मग खिडकीजवळच्या दोघींचा. बघता बघता इतके हात वर आले की खाली कोणाचे आहेत ते शोधायला लागलं.

एकदा तोंड उघडल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून पाणी प्यायचंच नाही. घरी आया बाटली तपासतात, म्हणून शाळा सुटताना नळाखालच्या मोरीत बाटल्या रिकाम्या करायच्या. खालच्या मजल्यावरच्या संडासाची कडी तुटलेली. एकीने आत जायचं, एकीने बाहेरून दार धरायचं, आणि समोर मुलांचा जिना.

"दार धरणारीला काय काय बोलतात ते तुम्हाला सांगता येणार नाही, बाई."

"आणि दुसऱ्या मजल्यावरचं?"

"ते पाहुण्यांचं आहे. कुलूप असतं."

दुसऱ्या मजल्यावर असं काही आहे हे मला आठवावं लागलं. शिक्षकांचं वेगळं आहे, ऑफिसच्या मागे. मी तास संपायच्या आतच वर गेले. दारावर कुलूप, आत फटीतून दिसतील अशा पांढऱ्या स्वच्छ फरश्या. किल्ली ऑफिसातल्या खुंटीला होती. मी हात घातला तशी मावशी मध्ये आल्या. आमच्या तिन्ही मजल्यांची साफसफाई त्या एकट्या करतात.

"उघडायला माझं काय जातं," मावशी म्हणाल्या. "पण गेल्या खेपेला पोरींनी पॅड टाकून तुंबवला. दोन दिवस वास गेला नव्हता. मी एकटीने हात घालून काढलं. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, लावा कुलूप."

त्यांचंही खोटं नव्हतं. तिथे साधी झाकणाची बादलीही ठेवलेली नव्हती. मुलींनी ती गोष्ट टाकायची कुठे?

मोठ्या बाईंच्या टेबलावर त्या दिवशी जाड फाईल उघडी होती आणि इंग्रजीच्या बाई बाजूला बसून पानांना नंबर घालत होत्या. आमच्या विभागात आरोग्यदायी शाळेची स्पर्धा लागली होती, समिती बघायला येणार होती. इंग्रजीच्या बाईंनी मान वर केली.

"अगं, तुझं सर्वेक्षण किती छान झालंय. झेरॉक्सवाल्याकडे बघितलं मी. आम्हाला अगदी तेच हवं होतं."

"ते खरं नाही," मी म्हटलं, आणि हात, बाटल्या, कडी, कुलूप सगळं एका दमात सांगितलं.

इंग्रजीच्या बाईंचा चेहरा उतरला. मोठ्या बाईंचा नाही. त्यांनी इंग्रजीच्या बाईंना वर्गावर पाठवलं, दार ओढून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

"मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग ते खरं की खोटं, तुम्ही कोण ठरवणार? असं करा. मूळ कागद फाईलला द्या. समिती येऊन जाईपर्यंत वरचं कुलूप राहू दे, त्यांना दाखवायला एक तरी जागा नीट हवी. पुढच्या जूनपासून आरोग्य तुमच्याकडे. तुमचा कोर्सही तोवर झालेला असेल."

इतके महिने ज्याच्यासाठी मी आतल्या आत धुमसत होते ते टेबलावर ठेवलं होतं. त्यांना कागद हवेत हे मला कळलं, आणि ज्याला माल हवा असतो त्याचा हात दगडाखाली असतो.

"आरोग्य माझ्याकडे, आणि किल्ली आजच," मी म्हटलं.

"दोन्ही नाही. एक काय ते मागा."

"दोन्ही."

"मग राहू द्या."

मी उठले आणि निघाले. दाराशी जरा रेंगाळले, व्हरांड्यात आणखी रेंगाळले, सूचनाफलक वाचल्यासारखं केलं. आता हाक येईल. आतून फोनची रिंग ऐकू आली आणि मोठ्या बाई हसत कोणाशी तरी बोलायला लागल्या. हाक आली नाही.

शाळा सुटल्यावर मी खारला स्टेशनात शिरले नाही. सरळ सांताक्रूझच्या दिशेने चालत सुटले, तिथूनही पुढे पार्ल्यापर्यंत. डोकं थांबतच नव्हतं. हिशोब तसा सरळ होता. जूनमध्ये खातं हातात आलं की कुलूप मीच उघडेन, कडी मीच बसवेन, कोणाला विचारावं लागणार नाही. एका कुलपाच्या जागी सगळी शाळा. शहाणा माणूस हेच घेईल. पण मध्ये सगळी थंडी होती, त्यापुढे खरा उन्हाळा होता, आणि जूनपर्यंत नववी ब दहावीत जाणार होती, कोरड्या घशाने. आणि खरं सांगायचं तर मला ते खातं मुलींसाठी हवं होतं की फळ्यावरच्या त्या ओळीसाठी, हे मला पार्ल्यापर्यंत चालूनही नक्की सांगता येईना. एका दुकानाच्या पायरीवर बसून मी चहा घेतला. तो बेचव होता, तसं मी त्या माणसाला सांगितलंही.

सकाळी परिपाठाच्या आधी मी मोठ्या बाईंच्या दारात उभी होते. आपल्या पायांनी परत आलेल्या गिऱ्हाइकाला माझ्या वडिलांनी कधी सूट दिली नव्हती. मलाही मिळणार नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"किल्ली. खाली नवी कडी. दोन्हीकडे झाकणाच्या बादल्या. आणि मावशींच्या हाताखाली एक बाई."

"बाई मिळणार नाही. बाकीचं होईल. समिती येईल त्या दिवशी मात्र वरचं मुलींना बंद."

"एक दिवस."

"एक दिवस. आणि आरोग्य आहे तिथेच राहील."

"राहू दे."

"कागद?"

मी गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी वरचा आणि खालचा कागद चाळला. वर एक कोरं पान लावलं, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पेन माझ्यापुढे केलं. "सर्वेक्षण करणारे शिक्षक म्हणून सही करा. पोरींच्या कागदांवर तुमची आहेच, इथेही असू दे." मी घाईत होते, किल्ली मिळाली होती. मी सही केली.

त्याच दुपारी कुलूप निघालं. मावशींनी मला ऐकू येईल अशा बेताने तीन-चार वाक्यं भिंतीला ऐकवली. मी नववी बच्या मुलींना वर नेलं, बादली दाखवली, कागदात गुंडाळून कसं टाकायचं ते दाखवलं, आणि सांगितलं की तुंबलं तर मी स्वतः येऊन ओरडेन. दांड्याची मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, "बाई, आत आरसापण आहे." आठवड्याभरात नळाखालच्या मोरीत बाटल्या ओतणं बंद झालं. बदल डोळ्यांनी दिसत होता.

स्पर्धेत आमच्या शाळेचा दुसरा नंबर आला. सभागृहात फोटो निघाले, इंग्रजीच्या बाईंच्या हातात प्रशस्तिपत्र. त्या खरोखरच मला बोलावत होत्या, "ये ना गं, तुझंपण आहे यात." मी म्हटलं, एका पोराचा डबा हरवलाय, तो शोधतेय.

अहवालात मी सगळं लिहिलं. तपासलेले कागद, कोळणीचा शब्द, किल्लीच्या बदल्यात काय दिलं तेही. सरांनी रविवारी वर्ग संपल्यावर मला थांबवलं.

"मॅडम, हा सौदा मी कोणत्या प्रकरणात बसवू?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही बदल मागितला होता."

"पास तर करतोच. असा बदल वर्गातल्या कोणीच दाखवला नाही. पण एक सांगा, ते कागद आता शाळेच्या फाईलमध्ये आहेत?"

"आहेत."

"म्हणजे उद्या कोणी अधिकारी येऊन तपासंल, तर त्या शाळेत पोरींले काहीच त्रास नाही. सगळ्या रोज आठ पेले पाणी पितात. अन् खाली सही तुमची."

मी फेऱ्या थांबवल्या. ओट्याजवळ उभी राहिले. पाटीवर वडील एकदा मला म्हणाले होते की तू भाव चांगला करतेस, पण समोरचा काय विकत घेतोय ते बघत नाहीस. तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

कोर्स संपून आता बरेच महिने झाले. सर्टिफिकेट आलं, मी ते मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं, त्यांनी अभिनंदन केलं. पुढच्या जूनच्या कागदावर आरोग्य इंग्रजीच्या बाईंकडेच होतं, पुरस्कार मिळवून दिला म्हणून.

वरचं आता सगळ्या शाळेच्या मुली वापरतात. खाली नवी कडी बसली, पण मुलांच्या जिन्यासमोर अजूनही कोणी जात नाही. एक जागा आणि एवढ्या मुली. छोटी सुट्टी संपते तरी जिन्यापर्यंत रांग असते. सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा, दहावी बचे दोन्ही तास माझेच आहेत, आणि मुली उशिरा यायला लागल्या. मागच्या आठवड्यात दांड्याची मुलगी अर्धा तास उलटल्यावर आली.

"कुठे होतीस?"

"लाईन होती बाई."

"मग सुट्टीच्या आधी जायचं."

"सुट्टीच्या आधी तुम्ही सोडत नाही."

ती चिडवत नव्हती, उत्तर देत होती. मी तिला बस म्हटलं आणि फळ्याकडे वळले. पुढचं काय लिहायचं होतं ते मला क्षणभर आठवेना. त्या दिवसापासून माझ्या तासाला विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं, असा नियम केला. दोन दिवसांत गणिताच्या सरांनी तक्रार केली की दहावी बची शिस्त बिघडली, मुली जिन्यावर फिरत असतात, त्यांच्या तासालाही न विचारता उठायला लागल्यात.

मी मोठ्या बाईंकडे दुसरी जागा मागायला गेले होते, मैदानाकडच्या बाजूला, दोन संडास आणि एक नळ. त्यांनी कपाटातून फाईल काढली नाही, काढायची गरजच नव्हती. नुसतं म्हणाल्या, "संस्थेला काय कारण सांगू? आपल्याकडे तर काही अडचण नाही, तुम्हीच लिहून दिलंय." मी त्यांच्यावर आवाज चढवला. त्या ऐकून घेत राहिल्या. माझा आवाज चढला की आता त्या घड्याळ बघतात, हे माझ्या लक्षात आलं.

आज मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांच्या तक्रारीवरून त्यांनी मला बोलावलंय. मी तो नियम मागे घेणार नाही, आणि दोन संडास पुन्हा मागणार आहे. बदल्यात त्यांना देण्यासारखं माझ्याकडे या खेपेला काहीही नाही. सकाळपासून विचार करतेय, तरी काही सुचलेलं नाही.